रेझोल्यूट ते ग्रीस फिओर्ड : ध्रुवाजवळच्या दोन धावपट्ट्यांमधलं हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढायचा

कॅनडाच्या नुनावुत प्रांतात, मुख्य भूमीच्या बऱ्याच वर, रेझोल्यूट आणि ग्रीस फिओर्ड ही दोन छोटी गावं आहेत. रेझोल्यूट कॉर्नवॉलिस बेटावर आहे, तर ग्रीस फिओर्ड एल्समिअर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर. १९५३ साली कॅनडाच्या सरकारने क्वेबेकच्या उत्तरेकडच्या इनुइट कुटुंबांना इथे आणून वसवलं. २०१० मध्ये त्याबद्दल सरकारने जाहीर माफी मागितली. ग्रीस फिओर्डचं इनुइट नाव औयुइत्तुक, म्हणजे जिथलं बर्फ कधी वितळत नाही अशी जागा. दोन्ही गावांना जोडणारा रस्ता नाही. जाणंयेणं विमानाने, आणि तेही ट्विन ऑटरसारख्या छोट्या विमानाने.

अंतर आणि वेळ सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर ही जोडी टाकली, तर उत्तर साधारण असं येतं: अंतर ३८३ ते ३८५ किलोमीटर, वेळ एक तास. अंतर बरोबर आहे. वेळेवर मात्र विसंबू नये, कारण बहुतेक ठिकाणी हिशोब जेट विमानाचा असतो: ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासचा वेग आणि चढण्या-उतरण्याची वरून अर्धा तास भर. ग्रीस फिओर्डच्या धावपट्टीवर असं जेट उतरू शकत नाही. शांत हवेत या प्रवासाला १ तास ४० मिनिटं लागतात, आणि वारा समोरून असेल तर दोन तास. हे आकडे स्वतः कसे काढायचे, ते एकेक करून पाहू. पद्धत आर्क्टिकमधल्या कुठल्याही दोन विमानतळांना लागू पडते.

आधी अक्षांश-रेखांश नीट घ्या

रेझोल्यूटचा तीन अक्षरी कोड वायआरबी आणि चार अक्षरी कोड सीवायआरबी. ग्रीस फिओर्डचे वायजीझेड आणि सीवायजीझेड. गावाचं नाव टाकून शोधलं तर गावाच्या मध्याचा बिंदू मिळतो आणि विमानतळ तिथून काही किलोमीटर लांब असू शकतो. म्हणून कोडने शोधा, आणि शक्यतो त्या देशाच्या अधिकृत वैमानिकी पुस्तिकेतलेच आकडे घ्या.

रेझोल्यूट : ७४°४३′०१″ उत्तर, ९४°५८′१०″ पश्चिम.
ग्रीस फिओर्ड : ७६°२५′३४″ उत्तर, ८२°५४′३३″ पश्चिम.

हे अंश, मिनिटं आणि सेकंद आहेत. गणितासाठी दशांश रूप लागतं. मिनिटांना ६० ने भागा, सेकंदांना ३,६०० ने भागा आणि अंशांत मिळवा. रेझोल्यूटसाठी ७४ + ०.७१६७ + ०.०००३ = ७४.७१७०; पण हे तुकडे आधीच चार दशांशस्थळांवर आणलेले आहेत, आणि तसं न करता शेवटी एकदाच पूर्णांकन केलं तर ७४.७१६९ येतं, म्हणून आपण ७४.७१६९ धरू. ग्रीस फिओर्डचं येतं ७६.४२६१. रेखांश अनुक्रमे ९४.९६९४ आणि ८२.९०९२, दोन्ही पश्चिम, म्हणजे दोन्ही उणे.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ७४°४३′ हे कुणी ७४.४३ असं लिहिलं, की तेवढ्यानेच विमानतळ ३२ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. गणित पुढे कितीही काटेकोर केलं तरी ही चूक उघडी पडत नाही, कारण येणारं उत्तर दिसायला पटण्यासारखंच असतं. म्हणून रूपांतर झालं की तो बिंदू एकदा नकाशावर टाकून बघावा. धावपट्टीवर पडला तर पुढे जा.

रेखांशाचा अंश इथे केवढा असतो

मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा असतो. रेझोल्यूटला तोच अंश २९.४ किलोमीटरचा होतो आणि ग्रीस फिओर्डला २६.२. सगळी रेखांशवृत्तं ध्रुवाकडे एकत्र येत जातात, त्यामुळे दोन रेघांमधली जागा आवळत जाते. अक्षांशाचा अंश मात्र सगळीकडे जवळजवळ तेवढाच राहतो. या भागात तो १११.६ किलोमीटर आहे.

या दोन गावांच्या रेखांशांत १२ अंशांचा फरक आहे. हे आवळणं विसरून कुणी सरळ १२ ला १११ ने गुणलं तर पूर्व-पश्चिम अंतरच १,३०० किलोमीटरच्या वर जातं. भिंतीवरच्या नेहमीच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजणारे नेमके याच चुकीत सापडतात. तो नकाशा विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितका जमीन ताणून दाखवतो आणि ७५ अंशांवर हा ताण जवळजवळ चौपट झालेला असतो.

गोलावरचं अंतर, पायरी पायरीने

गोलावर दोन बिंदूंमधला सगळ्यात जवळचा मार्ग बृहद्वृत्ताचा, म्हणजे गोल बरोबर मध्यातून कापल्यावर मिळणाऱ्या वर्तुळाचा असतो. त्याची लांबी काढायला हॅवरसाइन सूत्र वापरावं. नुसत्या कोसाइनचं सूत्रही चालतं, पण अंतर कमी असेल तेव्हा त्यात दशांशस्थळं हातची निसटतात आणि साध्या कॅल्क्युलेटरवर उत्तर डगमगतं.

अक्षांशांतला फरक १.७०९२ अंश. त्याचा अर्धा ०.८५४६. त्याचा साइन ०.०१४९१५ आणि वर्ग ०.०००२२२५. हा पहिला तुकडा.

रेखांशांतला फरक १२.०६०२ अंश. अर्धा ६.०३०१. साइन ०.१०५०५, वर्ग ०.०११०३६. याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने गुणायचं. रेझोल्यूटचा कोसाइन ०.२६३५९, ग्रीस फिओर्डचा ०.२३४७०. गुणाकार ०.०००६८२७. हा दुसरा तुकडा.

दोन्हींची बेरीज ०.०००९०५२. तिचं वर्गमूळ ०.०३००८६. त्याचा व्यस्त साइन रेडियनमध्ये (कोन मोजायचं हे दुसरं एकक) ०.०३००९१ आणि दुप्पट केलं की ०.०६०१८१ रेडियन. याला पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येने, म्हणजे ६,३७१ किलोमीटरने गुणलं की ३८३.४ किलोमीटर मिळतात.

स्प्रेडशीटमध्ये हे करत असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तिथलं साइन-कोसाइन अंश ओळखत नाही, रेडियन मागतं. अंश तसेच टाकले तर उत्तर कसंही येतं, आणि क्वचित ते चुकून खरंही वाटतं.

आता उरलेले दीड किलोमीटर. पृथ्वी नेमकी गोल नाही, ध्रुवांकडे जरा चपटी आहे. चपट्या भागाची वक्रता कमी, म्हणजे तिथे बसणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या जास्त. या अक्षांशांवर ती ६,३९७ किलोमीटरच्या आसपास भरते. तिने गुणलं तर उत्तर ३८५ किलोमीटर येतं, म्हणजे २०८ सागरी मैल. संकेतस्थळांच्या आकड्यांत ३८३ आणि ३८५ असा फरक दिसतो तो यामुळे. काहींनी गोल धरला, काहींनी लंबगोल. दोन्ही प्रामाणिक आहेत. इंधनाच्या हिशोबाला दोन किलोमीटरने काही बिघडत नाही, पण फरक कुठून आला ते ठाऊक असलं की आकड्यांवरचा विश्वास डळमळत नाही.

पडताळ्यासाठी हाताने होणारी एक सोपी रीत आहे. उत्तर-दक्षिण बाजू : १.७०९२ × १११.६ = १९१ किलोमीटर. पूर्व-पश्चिम बाजू मधल्या अक्षांशावर मोजायची, म्हणजे ७५.५७ अंशांवर. तिथे रेखांशाचा अंश २७.८ किलोमीटरचा आहे, म्हणून १२.०६ × २७.८ = ३३५. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ : ३८६ किलोमीटर. अगदी जवळ. पण मधल्याऐवजी रेझोल्यूटचा अक्षांश घेतला तर हीच रीत ४०३ देते. म्हणजे ही रीत चारेकशे किलोमीटरपर्यंतच ठीक आहे, आणि तीही मधला अक्षांश धरूनच.

अंतर लांबलं की नकाशा किती फसवतो

हे समजायला एक कागदावरचा मार्ग घेऊ: नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइअरब्यून ते अलास्काचं उतकियाग्विक, म्हणजे पूर्वीचं बॅरो. पहिलं ७८.२५ अंश उत्तर, १५.४७ अंश पूर्व. दुसरं ७१.२९ अंश उत्तर, १५६.७७ अंश पश्चिम. रेखांशांतला फरक १७२ अंशांहून जास्त, म्हणजे दोन्ही गावं ध्रुवाच्या जवळजवळ समोरासमोर आहेत.

इथे एक छान युक्ती चालते. प्रत्येक गाव ध्रुवापासून किती अंश दूर ते काढा: ९० वजा अक्षांश. पहिलं ११.७५, दुसरं १८.७१. बेरीज ३०.४६ अंश. पूर्ण सूत्राने येणारं उत्तर ३०.३९ अंश. फरक जेमतेम आठ किलोमीटरचा! खरा मार्ग ध्रुवापासून सुमारे ११० किलोमीटरवरून जातो आणि त्याची लांबी ३,३९० किलोमीटरच्या आसपास आहे. भिंतीवरच्या नकाशावर सरळ रेघ ओढून तिच्याच दिशेने गेलं तर ५,००० किलोमीटर उडावं लागेल. रेखांशांतला फरक १८० च्या जवळ असेल तर आधी ही ध्रुवावरची बेरीज करून बघा. मोठी चूक तिथेच पकडली जाते.

दिशा एकच राहत नाही

रेझोल्यूटहून निघताना खरी दिशा, म्हणजे भौगोलिक उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजलेली, ५४.६ अंश आहे, म्हणजे ईशान्येला जरा पूर्वेकडे. ग्रीस फिओर्डला पोचताना तीच दिशा ६६.३ अंश झालेली असते. विमान वळलेलं नाही. त्याच्याखालचा उत्तरेचा काटा फिरला आहे. ३८५ किलोमीटरमध्ये जवळजवळ १२ अंश. हा फरक रेखांशांतला फरक गुणिले मधल्या अक्षांशाचा साइन एवढा असतो: १२.०६ × ०.९६८ = ११.७. मार्ग आखताना तीनचार टप्पे करून प्रत्येक टप्प्याची दिशा वेगळी काढावी. पहिला टप्पा वेलिंग्टन खाडीवरून, मग डेव्हन बेट, तिथल्या हॉटन विवराच्या उत्तरेकडून, आणि शेवटी जोन्स सामुद्रधुनी.

होकायंत्राचा इथे उपयोग नाही. चुंबकीय उत्तर ध्रुव १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉसला सापडला तो रेझोल्यूटच्या दक्षिणेला, बूथिया द्वीपकल्पावर. पुढे तो सरकत सरकत या बेटांमधून उत्तरेला गेला आणि आता सैबेरियाच्या दिशेने चालला आहे. तरी या भागात चुंबकीय बल जवळजवळ सरळ खाली ओढतं. सुईला आडवं फिरवणारा भाग फारच थोडा उरतो, आणि ती आळसावल्यासारखी कुठेही थांबते. म्हणून कॅनडाच्या उत्तर हवाई क्षेत्रात सगळ्या दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजतात. धावपट्टीच्या आकड्यापुढेही त्यासाठी वेगळं अक्षर लावलेलं असतं.

दिशादर्शक जायरो (वेगाने फिरणाऱ्या चक्राच्या आधारे दिशा धरून ठेवणारं यंत्र) वापरत असाल तर पृथ्वी फिरते म्हणूनही तो सरकतो: तासाला १५ अंश गुणिले अक्षांशाचा साइन. इथे ते तासाला साडेचौदा अंश भरतं. दुरुस्ती न करता दीड तास उडालं तर वीस अंशांहून जास्त चूक साठते. उपग्रहावरून मिळणारी जागा हा आज मुख्य आधार आहे, पण दिशादर्शकाचा त्याच्याशी मेळ दर काही मिनिटांनी बघावाच लागतो. २० ऑगस्ट २०११ रोजी रेझोल्यूटला उतरताना एक बोइंग ७३७ धावपट्टीच्या पूर्वेच्या टेकडीवर आदळलं आणि १२ जण गेले. तपासात जी अनेक कारणं निघाली, त्यांत दिशादर्शक यंत्रणेत साठलेली चूकही होती.

वेग : कागदावरचा, हवेतला आणि जमिनीवरचा

ट्विन ऑटर १९ आसनांचं, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं विमान. जाडजूड चाकं लावून खडीच्या, बर्फाच्या, नुसत्या सपाट माळाच्या जागेवरही ते उतरतं. ग्रीस फिओर्डची धावपट्टी खडीची आणि जेमतेम ५१० मीटर लांब आहे, शेजारीच डोंगर. रेझोल्यूटची खडीची पट्टी सुमारे १,९८० मीटरची. मार्गावर कोणतं विमान चालणार हे दोन धावपट्ट्यांतली लहान धावपट्टी ठरवते, आणि विमान ठरलं की वेग ठरतो. म्हणून वेळेचा हिशोब सुरू करण्याआधी लहान पट्टीची लांबी बघा.

नियोजनाला हवेतला खरा वेग १५० नॉट धरतात (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). ताशी २७८ किलोमीटर. मोठी चाकं किंवा स्की लावली असेल तर काही नॉट कमी धरा.

इथे थंडी हिशोबात येते, आणि नवख्या माणसाकडून ती नेमकी सुटते. ८,००० फुटांवर प्रमाण तापमान उणे १ अंश. त्या हवेत वेगदर्शकावर १३० नॉट दिसत असतील तर खरा वेग १४७ नॉट असतो. हिवाळ्यात त्याच उंचीवर उणे ३५ असेल तर हवा दाट होते आणि त्याच १३० च्या काट्याला खरा वेग फक्त १३७ नॉट. २०८ सागरी मैलांना ८५ मिनिटांऐवजी ९१ मिनिटं. वाऱ्याची झुळूकही नाही, तरी सहा मिनिटं गेली.

थंड हवेत उंचीदर्शकही खोटं सांगतो. जमिनीवर उणे ३० असेल तर विमानतळापासून मोजलेल्या दर १,००० फुटांमागे विमान सुमारे १९० फूट खाली असतं. ५,००० फूट वर आहोत असं वाटत असताना खरी उंची ४,००० च्या जरा वर. हा आकडा वेळेच्या हिशोबातला नाही, पण एल्समिअरच्या कड्यांवरून जाताना उंची निवडायची ती याची भर घालूनच. उंची वाढली की चढण्याचा वेळही वाढतो.

मग वारा. नियोजनात सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो.

वारा नसताना : २०८ ÷ १५० = ८३ मिनिटं.
समोरून ३० नॉट : २०८ ÷ १२० = १०४ मिनिटं.
मागून ३० नॉट : २०८ ÷ १८० = ६९ मिनिटं.

जाताना २१ मिनिटं गेली, येताना १४ च परत मिळाली. समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो, मागच्या वाऱ्यात कमी. त्यामुळे जाऊन येण्याच्या फेरीत वारा नेहमी आपलं काहीतरी घेऊनच जातो. "जाताना समोरून आहे, येताना भरून निघेल" हे बोलणं कानावर पडतं, पण गणित तसं नाही.

वारा तिरका असेल तर त्याचे दोन भाग करा. समजा दिशा ६० अंश आणि वारा १०० अंशांकडून ३० नॉट येतोय. मधला कोन ४०. समोरचा भाग ३० × कोसाइन ४० = २३ नॉट. आडवा भाग ३० × साइन ४० = १९ नॉट. आडव्या वाऱ्याला तोंड द्यायला नाक सात अंश वाऱ्याकडे ठेवावं लागतं, त्यात आणखी नॉटभर जातो. जमिनीवरचा वेग १५० − १ − २३ = १२६. वेळ ९९ मिनिटं. वाऱ्याची दिशा आणि मार्गाची दिशा दोन्ही खऱ्या उत्तरेपासूनच मोजलेल्या असाव्यात. एक खरी आणि एक चुंबकीय मिसळली तर या भागात उत्तर पूर्ण उलटं येऊ शकतं, समोरचा वारा मागचा होऊन बसतो.

चाक हललं तिथून चाक थांबलं तिथवर

वर काढलेला वेळ फक्त मधल्या सरळ उड्डाणाचा. त्यात पुढची भर घालायची.

चढण्यात : ८,००० फूट, मिनिटाला ८०० फुटांनी, १० मिनिटं. या काळात वेग १०० नॉटच्या आसपास, म्हणून जवळजवळ १७ सागरी मैलच कापले जातात. तेच १५० नॉटने सातएक मिनिटांत झाले असते. तीन मिनिटं वाया.
ग्रीस फिओर्डला गावावर फेरी मारून धावपट्टी, वारा आणि डोंगराजवळची हवा बघून उतरण्यात : सहा मिनिटं.
इंजिन सुरू करून धावपट्टीपर्यंत जाणं आणि उतरल्यावर उभं राहणं : दहा मिनिटं.

८३ + ३ + ६ + १० = १०२ मिनिटं. १ तास ४० मिनिटं म्हटलं ते हेच. समोरून ३० नॉट असेल तर १२३ मिनिटं.

घड्याळाची एक अडचण इथे आहे. रेझोल्यूट मध्य वेळेवर चालतं, ग्रीस फिओर्ड पूर्व वेळेवर. सकाळी १० ला निघालेलं विमान १ तास ४० मिनिटांनी उतरतं तेव्हा ग्रीस फिओर्डच्या भिंतीवर १२.४० झालेले असतात. परत येताना उलट: दुपारी १.३० ला निघून १ तास ४० मिनिटं उडालं तरी रेझोल्यूटला २.१० च वाजलेले. वेळापत्रकातून प्रवासाचा वेळ काढताना दोन्ही बाजू आधी जागतिक प्रमाणवेळेत आणा, मग वजाबाकी करा. नाहीतर जायला पावणेतीन तास आणि यायला पाऊण तास अशी उत्तरं निघतात आणि वाऱ्याला उगाच दोष दिला जातो.

इंधन हाच वेळेचा खरा हिशोब

ग्रीस फिओर्डला पोचल्यावर ढग खाली आलेले असतील, वारा डोंगरावरून फेकत असेल, तर उतरता येत नाही. मग जायचं कुठे? जवळपास दुसरा विमानतळ नाही. परत रेझोल्यूटच. म्हणून जाण्याबरोबर परत येण्याचं इंधनही टाकीत घेऊनच निघावं लागतं. ग्रीस फिओर्डला इंधन मिळेलच असंही धरून चालायचं नाही.

ट्विन ऑटर तासाला सुमारे २७० किलो इंधन खातं. नेहमीच्या टाक्यांत साधारण १,१७० किलो मावतं. समोरून ३० नॉट धरून:

जाणं १०४ मिनिटं, परतणं ६९, खालच्या फेऱ्या आणि जमिनीवरचं चालणं १५, राखीव ४५. एकूण २३३ मिनिटं. २७० च्या दराने १,०५० किलो.

वारा ४५ नॉट झाला तर एकूण २४३ मिनिटं आणि १,०९५ किलो. ६० नॉट झाला तर २५८ मिनिटं आणि १,१६० किलो, म्हणजे टाकी काठोकाठ भरूनही वर दहा किलोच शिल्लक. वरच्या हवेत ६० नॉट वाहत असताना उड्डाण का रद्द करतात याचं उत्तर या आकड्यात आहे. खाली गावात झेंडा लोंबत असला तरी. प्रवाशाला विमान धडधाकट उभं दिसतं, आकाश निळं दिसतं, आणि मग राग येतो. त्या वेळी वैमानिकापुढे हा दहा किलोंचा आकडा असतो.

वजनाची बाजूही बघा. उड्डाणाचं कमाल वजन ५,६७० किलो. विमान, दोन वैमानिक, तंबू-स्टोव्ह-झोपण्याच्या पिशव्या असं जगण्याचं साहित्य धरून साधारण ३,५०० किलो पकडू. इंधन १,०५०. उरले १,१२० किलो. जाड कपडे आणि सामानासह माणशी १०० किलो धरले तर ११ जण. आसनं १९ असली तरी. त्यात गावच्या दुकानाचं दूध, भाज्या, औषधं आणि टपालही याच विमानाने जायचं असतं. म्हणून आपली बॅग मागे राहून पुढच्या फेरीने आली तर नवल नाही. औषधं, चष्मा, हातमोजे आणि एक रात्र निभेल एवढं अंगावरच्या पिशवीत ठेवायचं.

दिवस किती राखून ठेवायचे

उड्डाणाचा वेळ मिनिटांत काढता येतो, प्रवासाचा वेळ दिवसांत धरावा लागतो. ओटावाहून इकालुइट, तिथून पुढे रेझोल्यूट, मग ट्विन ऑटर. या साखळीतली एक कडी सुटली की पुढची त्या दिवशी मिळत नाही, आणि ती आठवड्यातून मोजक्याच वेळा असते.

ऋतूप्रमाणे अडचण बदलते. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्राचं बर्फ फुटून उघडं पाणी दिसू लागतं आणि त्यावरून धुकं थेट धावपट्टीवर सरकतं. शरद ऋतूत वारे आणि खालचे ढग. हिवाळ्यात आकाश स्वच्छ असतं, पण थंडी इंजिन गरम करण्यातच सकाळ खाते आणि रेझोल्यूटला नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सूर्य उगवत नाही. मार्च-एप्रिल त्यातल्या त्यात बरे: उजेड वाढलेला, समुद्र गोठलेला, धुकं कमी. तरीही प्रत्येक बाजूला दोन मोकळे दिवस आणि पुढच्या मोठ्या विमानाचं तिकीट बदलता येईल असं, एवढं तरी ठेवाच. राहण्याची जागाही दोन्ही गावांत आधीच सांगून ठेवावी. खोल्या मोजक्या आहेत, आणि अडकतात तेव्हा सगळे एकदमच अडकतात.

गोव्याहून आर्क्टिकला जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडच्या लोकांचा या भागाशी खरा संबंध येतो तो स्वालबार्डमध्ये. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राचं हिमाद्री हे ठाणं २००८ पासून न्यू ऑलसुंडला आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळी मोहिमाही सुरू झाल्या. शेवटचा टप्पा लाँगइअरब्यून ते न्यू ऑलसुंड, डॉर्नियर २२८ विमानाने. हेच विमान परवान्याखाली कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स बनवतं.

वरची रीत इथे लावून पाहू. लाँगइअरब्यून ७८.२४६१ उत्तर, १५.४६५६ पूर्व, न्यू ऑलसुंड ७८.९२७५ उत्तर, ११.८७४३ पूर्व. अक्षांशांतला फरक ०.६८१४, म्हणजे ७६ किलोमीटर. मधल्या अक्षांशावर रेखांशाचा अंश २२.१ किलोमीटर, फरक ३.५९ अंश, म्हणजे ७९ किलोमीटर. वर्ग, बेरीज, वर्गमूळ : ११० किलोमीटर, ५९ सागरी मैल. अंतर एवढं कमी की सपाट रीतच पुरते. २०० नॉटने १८ मिनिटं, चढणं-उतरणं धरून २५ च्या आसपास. दोन्हीकडे घड्याळ एकच.

इथे गणितापेक्षा कागदपत्रात जास्त लोक अडकतात. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. ऑस्लोत उतरलात तेव्हा शेंगेनमध्ये एकदा शिरलात, लाँगइअरब्यूनला जाताना बाहेर पडलात, आणि परतताना पुन्हा शिरायचं आहे. त्यामुळे व्हिसा किमान दोन वेळा प्रवेशाचा लागतो. एकदाच्या प्रवेशाचा घेतला असेल तर परतीच्या वाटेवर तो संपलेला असतो. तिकीट काढण्याआधी व्हिसाच्या कागदावर प्रवेशांचा रकाना वाचा, आणि विमा घेताना त्यात स्वालबार्डमधून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का, तेही लेखी विचारून घ्या.